विलो फोर्डची पहिली नोट

ट्रॉयमधल्या मराठी मंडळींत एकनाथ खांबेट्यांना सगळे नोटवाले काका म्हणत. तोंडावर कौतुकानं, पाठीमागे जरा हसून. मिशिगनमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढलेल्या लोकांनी काय काय जमवलं होतं. कोणी भाड्यानं द्यायची घरं, कोणी शेअर, कोणी नुसत्या नातवंडांच्या पदव्या. खांबेट्यांनी जमवल्या जुन्या नोटा. त्याही आपल्याकडच्या नव्हेत. मिशिगनमधल्या असल्या खेड्यांच्या, की ज्यांची नावं तिथं जन्मलेल्या माणसालाही नकाशात शोधावी लागतील.

अमेरिकेत १८६३ पासून १९३५ पर्यंत गावोगावच्या नॅशनल बँका स्वतःच्या नावानं नोटा काढत. बँकेनं सरकारकडे रोखे ठेवायचे, सरकारनं तिला नोटा छापून द्यायच्या. चित्र सगळीकडे तेच, कागद तोच. फक्त मधोमध बँकेचं आणि गावाचं नाव, आणि खाली त्या बँकेच्या कॅशियरची आणि प्रेसिडेंटची सही. डेट्रॉईटच्या एखाद्या मोठ्या बँकेची दहाची नोट आज शे-दीडशे डॉलरला मिळते, कारण तशा ढिगानं उरल्यात. पण सहाशे वस्तीच्या गावातली बँक, आठ वर्षांत बंद पडलेली, आणि तिची दहाची नोट जगात एकच उरलेली, असं असलं तर तिच्यासाठी माणसं नव्या कोऱ्या मोटारीचे पैसे मोजायला तयार होतात.

खांबेटे या नादाला लागले ते मात्र किमतीपायी नाही. त्यांचे वडील, दादा, मिरजेच्या एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षं कॅशियर होते. जाळीच्या पलीकडे बसून आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, निवृत्त झाले त्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आले आणि चार महिन्यांत गेले. बँकेतल्या कोणालाही त्यांची पुन्हा आठवण आली नाही. पुढे १९८८ साली ॲन आर्बरजवळच्या एका जुन्या बाजारात खांबेट्यांनी पहिली नॅशनल नोट हातात घेतली. तिच्यावर टाकानं केलेली सही होती, शाई तपकिरी पडलेली, शेवटचं अक्षर किंचित थरथरलेलं.

"ही कॅशियरची सही?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"हो."

"म्हणजे गावातल्या बँकेचा कॅशियर? साधा?"

"साधाच. गावात दुकान-बिकानही असेल त्याचं."

त्यांनी ऐंशी डॉलर दिले. घरी येऊन लतिकाबाईंसमोर नोट ठेवली आणि म्हणाले, "दादांची सही अशी कशावर तरी राहायला हवी होती." लतिकाबाईंचे डोळे भरून आले. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, की पुढची तीस वर्षं हे वाक्य त्यांचे शनिवार-रविवार खाऊन टाकणार आहे.

खांबेटे मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. आठवडाभर कंपनी, आणि शनिवारी सकाळी गाडी काढून कुठल्यातरी खेड्याची वाट. गावच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळायची, दफनभूमीत जाऊन कॅशियरचा दगड शोधायचा, जन्ममृत्यूच्या तारखा उतरवून घ्यायच्या. सुरुवातीला लतिकाबाई सोबत जायच्या. पोळीचे रोल, थर्मासमध्ये चहा. मग गाडीत बसून विणकाम करत राहायच्या, आणि मग एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही जा. मला आता मेलेल्या माणसांच्या गावाला यायचा कंटाळा आला." खांबेटे एकटे जाऊ लागले. मिशिगनच्या छोट्या बँकांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस हळूहळू उरलाच नाही. विद्यापीठातले लोकसुद्धा त्यांना पत्र लिहून विचारत.

पण एक गाव त्यांना चकवत होतं. विलो फोर्ड. तिथली फर्स्ट नॅशनल बँक १९०३ मध्ये निघाली आणि १९११ मध्ये बंद झाली. नोटा जमवणाऱ्यांच्या यादीत त्या बँकेपुढे उरलेल्या नोटांचा आकडा होता शून्य. कुणीच कधी पाहिली नव्हती. खांबेट्यांनी कॅशियरचं नाव काढलं, हायरम टटल. मग त्याची मुलं, मग मुलांची मुलं. पत्रं लिहिली, फोन केले. अकरा वर्षं असं चाललं. आणि २००४ मध्ये सॅगिनॉच्या एका वृद्धाश्रमात त्यांना हायरमची नात सापडली, ॲग्नेस टटल, वय एक्क्याण्णव, लग्न न केलेली, शाळेतून निवृत्त झालेली.

ॲग्नेसच्या खोलीत पलंगाच्या वर चौकटीत नोट लटकत होती. दहा डॉलरची, लाल शिक्क्याची, म्हणजे १९०८ च्या आधीची. क्रमांक एक. बँक उघडली त्या दिवशी आजोबांनी सही केलेली पहिलीच नोट त्यांनी स्वतःच्या खिशातले दहा डॉलर गल्ल्यात टाकून घरी आणली होती.

खांबेटे खुर्चीत बसले.

"तुम्हाला ही हवी आहे," ॲग्नेस म्हणाली. "माझे भाचे येतात, त्यांना टीव्ही हवाय."

खांबेट्यांनी खरं ते सांगितलं. लिलावात गेली तर वीस हजार येतील, कदाचित जास्त. मला फार तर नऊ जमतील. तुम्ही लिलावातच पाठवा, मी नाव-पत्ता देतो.

म्हातारी म्हणाली, "पंचवीस वर्षांत मला कुणी आजोबांचं नाव विचारलं नाही. तुम्ही त्यांच्या दगडावरची तारीखसुद्धा सांगताय. नऊ पुरे. पण एक कबूल करा. ही कधी विकायची नाही. तुमचं झालं की तिला घरी पाठवायची. विलो फोर्डला."

खांबेट्यांनी शब्द दिला. घरावर कर्ज काढून नऊ हजार भरले. ॲग्नेस दोन वर्षांनी गेली. तिच्या दफनाला सहा माणसं होती, त्यातले एक खांबेटे.

पुढं खांबेट्यांच्या कंपनीचं दिवाळं निघालं. पेन्शन निम्म्यावर आली, तरी ते फारसे खचले नाहीत. नोटांच्या प्रदर्शनांत त्यांच्या टेबलाभोवती गर्दी होई. गोरी माणसं, टोप्या घातलेली, हात पाठीमागे बांधून काचेवर वाकायची आणि म्हणायची, "म्हणजे हीच ती." त्या वेळी खांबेट्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते लतिकाबाईंनी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

२०१९ पासून लतिकाबाईंच्या संधिवातानं डोकं वर काढलं. बोटं वाकडी झाली, गुडघे सुजले. ट्रॉयचं घर दुमजली, झोपायच्या खोल्या वर. सकाळी खाली उतरायला त्यांना दहा मिनिटं लागत, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यात मिशिगनची थंडी. टेक्ससला अर्विंगमध्ये मुलगी होती, मृणालिनी. तिच्या घरापासून पाच मिनिटांवर तळमजल्याचे नवे फ्लॅट होत होते. "आई, इथे ये ना," ती दर रविवारी म्हणायची, "इट्स वॉर्म, एकही स्टेप नाही." पण ट्रॉयचं घर जुनं, कर्जही थोडं बाकी. घर विकूनही अर्विंगच्या फ्लॅटला कमी पडत होतं.

त्याच वर्षी रे नावाचा एक व्यापारी घरी आला. जुन्या नोटांच्या धंद्यात चाळीस वर्षं मुरलेला, खांबेट्यांच्या ओळखीचा. चहा पिता पिता त्यानं विलो फोर्डच्या नोटेला साठ हजार सांगितले. रोख. गिऱ्हाईक तयार होतं.

तो गेल्यावर लतिकाबाईंनी कप उचलले नाहीत.

"अर्विंगचं जमतंय की यात," त्या म्हणाल्या.

"ती विकायची नाही, लतिका. तुला माहीत आहे."

"बाई जाऊन तेरा वर्षं झाली."

"शब्द दिलाय."

"मला काय दिलं होतं मग? लग्नात? तेव्हाही काहीतरी म्हणालाच होतात ना भटजींच्या मागून."

खांबेट्यांनी कप उचलून सिंकमध्ये ठेवले. वाद त्यांना जमत नसे. ते गप्प बसत आणि मग आपल्याला हवं तेच करत. लतिकाबाईंना हे पंचेचाळीस वर्षं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, विलो फोर्डहून फोन आला. कॅरल नोवाक. गावच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष. मंडळानं बँकेची जुनी इमारत विकत घेतली होती आणि तिथं गावाचं छोटं संग्रहालय थाटायचं होतं. तिजोरीचं दार अजून शाबूत होतं. "मिस्टर खांबेटे, तुमच्याकडे आमच्या गावाचा सगळ्यात मोठा ठेवा आहे असं ऐकलंय," कॅरल म्हणाली. खांबेटे त्या फोननं अक्षरशः उजळले. ज्या खोलीत हायरम टटलनं सही केली, त्याच खोलीत ती नोट जाणार! आपण गेल्यावर मृत्युपत्रातून कशाला, डोळ्यांदेखत का नको?

त्यांनी नोट दिली. बरोबर टटलवर लिहिलेली सतरा पानं दिली, टाइप करून, खाली स्वतःचं नाव घालून. समारंभाला वीस-बावीस माणसं होती. केक आणि लिंबू सरबत. खांबेटे सूट घालून चार वाक्यं बोलले, त्यातली तीन हायरम टटलबद्दल. लतिकाबाई घडीच्या खुर्चीवर बसून होत्या. गावच्या वर्तमानपत्रानं दुसऱ्या दिवशी 'मिस्टर कॅम्बेट, भारतीय पाहुणे' असं छापलं. खांबेटे सेहेचाळीस वर्षं मिशिगनमध्ये होते, त्यांतली पस्तीस तिथले नागरिक म्हणून. ते हसले आणि कात्रण फाइलला लावलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात लतिकाबाई जिन्यावरून पडल्या. वरून चौथी पायरी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, सहा आठवडे व्यायाम, आणि त्यानंतर वॉकर. पलंग खाली दिवाणखान्यात आणला. पडल्या त्या दिवशी रुग्णवाहिकेत त्यांनी खांबेट्यांचा हात हातात घेतला नाही. ते धरायला गेले तेव्हा त्यांनी पांघरूण वर ओढलं.

फेब्रुवारीत टपालानं एक लिफाफा आला. करखात्याचा फॉर्म, त्याची प्रत. दानात मिळालेली वस्तू तीन वर्षांच्या आत विकली, तर संस्थेनं सरकारला तसं कळवायचं असतं आणि देणाऱ्याला प्रत पाठवायची असते. खांबेट्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वस्तू: दहा डॉलरची बँकनोट, एक नग. विकल्याची तारीख नोव्हेंबरची. मिळालेली रक्कम चौऱ्याऐंशी हजार. दान दिलं म्हणून त्यांना करात जी सूट मिळाली होती, तीही आता परत भरावी लागणार होती.

"काय आलंय?" लतिकाबाईंनी पलंगावरून विचारलं.

"काही नाही. टॅक्सचं."

त्यांनी कोट चढवला, गाडी काढली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. विलो फोर्ड दोन तासांवर.

बँकेच्या इमारतीत कॅरल एकटीच होती, शिडीवर चढून दिव्याची नळी बदलत होती. खांबेट्यांना पाहून ती खाली उतरली आणि तिच्या चेहऱ्यावरूनच खांबेट्यांना कळलं, की तिला त्यांचं येणं अपेक्षित होतं आणि नकोही होतं.

"एकनाथ. मी पत्र लिहिणार होते."

"विकली?"

"छप्पर गळत होतं. तुम्ही बघा, तो कोपरा बघा. अंदाजपत्रकच सत्तर हजारांचं. बोर्डानं ठराव केला, सातपैकी सहा जण बाजूनं."

"मी ती छपरासाठी दिली नव्हती."

कॅरलनं कपाटातून कागद काढला. दानपत्र. खांबेट्यांची सही. वरून तिसऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं: कोणत्याही अटीविना. मंडळाला योग्य वाटेल तसा विनियोग करण्याचा पूर्ण अधिकार. भिंगाखाली धरून नोटेवरचा ठिपकासुद्धा वाचणारा माणूस. त्या दिवशी सूट घालून, समारंभाच्या आनंदात, त्यानं ही ओळ वाचली नव्हती.

"कुणी बघायलाच येत नव्हतं हो," कॅरल जरा नरमाईनं म्हणाली. "दीड वर्षात चाळीस माणसं. त्यांतली निम्मी विचारायची, ही अजून चालते का म्हणून. आम्ही रंगीत प्रत लावलीय, कुणाला फरक कळत नाही."

काचेच्या पेटीत खरंच प्रत होती. खाली पितळी पट्टी. 'टटल कुटुंबाकडून सप्रेम भेट.'

"हे टटल कुटुंबाकडून कसं?" खांबेट्यांचा आवाज चढला.

"म्हणजे... होती त्यांचीच ना ती मुळात?" कॅरल म्हणाली. तिला खरोखरच काही चुकलंय असं वाटत नव्हतं. तिनं कॉफी घेणार का विचारलं.

परतीच्या वाटेवर खांबेट्यांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवून रेला फोन लावला. लिलाव रेनंच करून दिला होता, हे कॅरलकडून कळलं होतं. रे म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. तुझी सतरा पानं फाइलीत होती, मी तीच कॅटलॉगला वापरली. काय लिहिलंस एकनाथ, ग्रेट!"

"माझं नाव आहे त्यात?"

"नाव काढावं लागलं. धंदा समजून घे. कॅशियरच्या घरातून थेट बाजारात, मधे कुणा संग्राहकाचा हात लागलेला नाही, असं म्हटलं की बोली चढते. तुझं नाव घातलं असतं तर दहा हजार कमी आले असते. गावाचंच नुकसान."

खांबेट्यांनी फोन ठेवला. पंपावरचा पोरगा खिडकीशी येऊन सगळं ठीक आहे का म्हणून विचारून गेला.

घरी आल्यावर त्यांनी लतिकाबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. फॉर्म, छप्पर, पट्टी, कॅटलॉग. त्यांना वाटलं, ती रडेल, नाहीतर दोन शब्द तरी धीराचे बोलेल. लतिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छप्पर झालं का मग त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"चांगलं झालं. कुणाच्या तरी डोक्यावर आलं." आणि मग, भिंतीकडे बघत, "मला जिना चढवत नव्हता हे तुम्हाला रोज दिसत होतं. नोट बेघर आहे हे मात्र आधी दिसलं."

पुढच्या आठवड्यात खांबेट्यांनी उरलेल्या तीनशेवर नोटा विकायला काढल्या. रे येऊन बसला, एकेक प्लॅस्टिकचं पाकीट उजेडात धरत. ही कोणीतरी धुऊन इस्त्री केलेली आहे. हिला टाचणीची भोकं. हिच्या कडा कापल्यात. जमवणारे म्हातारे मरत चाललेत, एकनाथ, आणि पोरांना यातलं काही नको. पंधरा वर्षांपूर्वी ज्या नोटेला बाराशे मोजले होते तिचे चारशे आले. विलो फोर्डची बरोबर असती तर सगळ्या संग्रहालाच भाव आला असता, हे रेनं जाता जाता सांगितलं, आणि ते खरंही होतं. तरी तेवढ्यात, घर विकून आणि मृणालिनीनं वर भर घालून, २०२४ च्या उन्हाळ्यात ती दोघं अर्विंगला आली. मुलीचे पैसे घ्यावे लागले, हे खांबेट्यांच्या मनाला लागलं. मृणालिनी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

अर्विंगचा फ्लॅट चांगला होता. एकही पायरी नाही. पण लतिकाबाईंचा खुबा पुरता सांधला नव्हता, वॉकर सुटला नाही. हा फ्लॅट पाच वर्षं आधी मिळाला असता तर, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या इमारतीत पद्मिनी नावाची नागपूरची बाई राहत होती, चाळिशीची, एका आयटी कंपनीत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक मुलगी कॉलेजात. तिनं या म्हाताऱ्यांना जीव लावला. ऑफिसातून येताना लतिकाबाईंची औषधं आणायची, कधी त्यांचे केस विंचरून द्यायची. खांबेट्यांना तिथल्या मराठी मंडळात न्यायची तिनं खटपट केली, पण ते जात नसत. आपण नोटा जमवायचो, हे त्यांनी तिथं कुणालाही सांगितलं नव्हतं. ते मृणालिनीच्या तोंडून निघालं.

आणि एका संध्याकाळी पद्मिनी हातात झिपची पिशवी घेऊन आली.

"काका, तुम्ही यात एक्स्पर्ट होता म्हणे! बघा ना. मी एका गराज सेलमध्ये जुनं शिलाई मशीन घेतलं ना, त्याच्या खणात मिळाली. पाच डॉलरची आहे, पण साइजला केवढी मोठी! फेक असेल का हो?"

खांबेट्यांनी पिशवी घेतली. नोट बाहेर काढताना त्यांनी ती कडांना धरली, खिडकीकडे वळून उजेडात तिरकी केली. लाल शिक्का. पश्चिम टेक्ससमधलं, नाव कधीतरीच कानावर आलेलं गाव. अशा गावाच्या दोन किंवा फार तर तीन उरलेल्या असायच्या. कागद करकरीत, कधी धुतलेला नाही. खाली कॅशियरची सही, घाईत केलेली, शाईचा एक थेंब उडालेला. पंधरा हजार, त्यांच्या मनानं आपसूक सांगितलं. वीससुद्धा.

त्यांनी नोट पिशवीत सरकवली आणि परत दिली.

"मी आता यातलं बघत नाही, पद्मिनी."

"पण खरी आहे का?"

"असेल. जुन्या नाण्या-नोटांच्या कुठल्या दुकानात दाखव."

पद्मिनीनं मान हलवली, लतिकाबाईंच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. दार लागल्यावर लतिकाबाई म्हणाल्या, "चांगली होती ना?"

"होती."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"सांगून आजवर काय मिळालं? आणखी एक नोट, आणखी एक माणूस. माझा काय संबंध?"

"तुमचा नसेल. ती पोरीच्या फीसाठी शनिवारीही काम करते, माहीत आहे ना?" लतिकाबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. "त्या म्हातारीला नोट हातची जाईल हे माहीत असूनही खरं सांगितलं होतंत. इथं नुसतं तोंड उघडायचं होतं."

"उद्या सांगतो," खांबेटे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. सांगितलं की मग पुढचं सगळं आलं. कुठे द्यायची, कुणाला विचारायचं, कॅशियर कोण, त्याचा दगड कुठे. पुन्हा ते सारं जागं होणार, आणि तेच त्यांना नको होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला समजावलं की दुकानदार सांगेलच की तिला. दुकानदार काय सांगतात हे पस्तीस वर्षांत त्यांच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पद्मिनी आली ती गरम जिलबीचा डबा घेऊनच.

"काका, गेस करा किती मिळाले! सिक्स हंड्रेड! पाच डॉलरचे सहाशे! त्या माणसानं लगेच कॅश काढून दिली, म्हणाला, यू आर लकी. मी म्हटलं, पहिली जिलबी काका-काकूंना."

खांबेट्यांनी बशी हातात घेतली. आता सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. आता सांगितलं असतं तर तिचा आनंदही गेला असता आणि ते त्या दिवशी गप्प का बसले तेही सांगावं लागलं असतं.

"छान झालं," ते म्हणाले.

"खा ना काका, गरम आहे."

त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला. पद्मिनी आनंदानं बोलत होती, मुलीला लॅपटॉप घ्यायचा म्हणत होती. लतिकाबाईंनी त्यांच्या पुढ्यातली बशी हळूच बाजूला सारली, वॉकर ओढून घेतला आणि कुणाचीही मदत न घेता उठून आतल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं.

"काकूंना बरं नाही का?" पद्मिनीनं विचारलं.

"गुडघे," खांबेटे म्हणाले, आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले.